रुपाबाईची घुगरी

लॉकअप गार्डची ड्युटी कोणालाच नको असते. बाकीचे बंदोबस्ताला जातात, चार लोक सलाम ठोकतात, चहा पाजतात. गार्ड मात्र आठ तास गजांसमोर खुर्ची टाकून बसतो आणि आतल्यांचं खोकणं, शिव्या, रडगाणं ऐकतो. वैजयंतीला ती ड्युटी आवडायची. हसू नका, खरंच आवडायची. बावीस वर्षांच्या नोकरीत ती एकच गोष्ट शिकली होती, की ठाण्यात बाकी सगळ्या नुसत्या गप्पा, खरं काय ते रजिस्टरात. माणूस कधी आत आला, अंगावर काय होतं, जखम होती का, जेवला का, कधी बाहेर गेला. हे लिहिल्याशिवाय ती कुलूप उघडत नसे. साहेब असो की साहेबाचा साहेब. “नोंद करा, मंग आत घेतो,” हे तिचं ठरलेलं बोलणं, आणि त्यापायी तिच्या तीन बदल्या झालेल्या.

ठाण्याचं नाव कशाला सांगायचं. वाशीम जिल्ह्यातलंच आहे, एवढं पुरे.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला जीप आली. आधी फौजदार शिवम शेळके उतरला, मग शिपाई संघपाल, आणि त्याच्यामागे एक बंजारा म्हातारी. साठीच्या पुढची. अंगात आरशांची कांचळी, दंडापर्यंत पांढरा चुडा, आणि कानांच्या दोन्ही अंगांनी केसांत गुंफलेली चांदीची घुगरी-टोपली. आता तांड्यातल्या सुनासुद्धा साडीत फिरतात, हा साज फक्त म्हाताऱ्यांच्या अंगावर उरलाय. ती पायरी चढली तेव्हा तिच्या घुंगरांचा आवाज आतल्या खोलीपर्यंत आला.

रुपाबाई तिचं नाव. गुन्हा तिचा काही नव्हता. तिच्या मुलानं, रवीनं, आठ दिवसांपूर्वी एका पुढाऱ्याच्या भाच्याला भर चौकात झोडलं होतं. भाच्यानं तांड्याला आलेला पाण्याचा टँकर आपल्या संत्र्याच्या बागेत नेऊन रिकामा केला होता, आणि तेही तिसऱ्यांदा. पण हात मोडला भाच्याचा, आणि पाण्याची तक्रार कोणी लिहून घेत नाही. रवी फरार झाला. पुढारी दिवसातून चारदा फोन करायचा. शेळकेला रवी सापडेना, म्हणून त्यानं आई उचलून आणली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

“हिला आत बसवा,” शेळके म्हणाला.

“कायच्या गुन्ह्यात?” वैजयंतीनं विचारलं.

“गुन्हा कसला? पोरगा हजर होईपर्यंत बसेल. पाहुणी समजा.”

“पाहुनीले चहा पाजतात सायेब, कुलूप नाई लावत. कागद द्या, नोंद करतो, मंग आत घेतो. नाईतर तुमच्या खोलीत बसवा.”

संघपालनं मान खाली घातली. शेळके नगरकडचा, अठ्ठावीस वर्षांचा, नोकरी दीड वर्षाची. पोरगा चिडला नाही, उलट हसला. “बसू दे मग बाकावर,” म्हणाला आणि निघून गेला. वैजयंतीला वाटलं, चला, जिरवली एकाची.

रुपाबाई तिच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसली. वैजयंतीनं तिला पाणी दिलं, जेवली का विचारलं.

“मी जेवीन कवाबी,” रुपाबाई म्हणाली. “म्हातारा घरी एकटा हाय. गुडघे गेले त्याचे, चुलीलोक बी जात नाई. भाकर थापता थापता उचललं मले. तव्यावरची जळली असन.”

म्हातारा म्हणजे तिचा नवरा किसनसिंग. घरात फोन एकच, तोही रुपाबाईच्या कांचळीत होता. वैजयंतीचं माहेर किन्हीराजाचं, शेताच्या बांधापलीकडे तांडा. लहानपणी ती त्या तांड्यातच पडलेली असायची, त्यांची बोली तिला समजायची. दोघी बऱ्यापैकी गप्पांना लागल्या.

अर्ध्या तासानं शेळके चहाचे दोन कप घेऊन आला. एक त्यानं रुपाबाईला दिला. आता फौजदार स्वतःच्या हातानं चहा आणून देतो म्हटल्यावर कोणालाही बरं वाटेल. तो कौतुकानं म्हातारीच्या केसांकडे बघत राहिला. “बाई, एवढं वजन डोक्याला कसं पेलतं हो? काढत नाहीत का कधी?”

आणि वैजयंतीनं सांगितलं. कोणी विचारलं नाही तरी सांगायची सवय, त्यातून बाहेरच्या साहेबानं आपल्या मुलखाचं काही विचारलेलं. कळी खुलली नुसती. “झोपतानी बी नाई काढत सायेब. घुगरी-टोपली अन् हा चुडा, नवरा हाय तवर अंगावर. नवरा गेला का बाया जमून उतरवतात. मंग कोनाले सांगा लागत नाई. बाई समोरून आली, कानाजोळ घुगरी नाई दिसली, का लोक समजतात, गेला हिचा.”

“अच्छा,” शेळके म्हणाला. “असं आहे होय.”

कप उचलून तो गेला. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण कधीकधी वाटतं, देवानं एखादं बसवायला पाहिजे होतं.

साडेबाराला तो परत आला तो अगदी नरमून. “बाई, तुमचंच बरोबर आहे. विनानोंदीचं कोणी बसवून ठेवणं चुकीचं. उद्या माझ्यावर यायचं. लिहा तुम्ही. चौकशीकामी आणले, वेळ अकरा पाच. आणि महिला लॉकअपमध्ये घ्या.”

वैजयंतीनं रजिस्टर ओढलं. बावीस वर्षांत एखाद्या साहेबानं “तुमचंच बरोबर” म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं टपोऱ्या अक्षरात नोंद केली. चौकशीला आणलेल्या बाईला कुलपात कशाला घालायचं, हे तिनं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. नोंद झाली यातच ती खूश.

“आता नियमाप्रमाणे अंगावरचं उतरवून घ्या,” शेळके म्हणाला. “नियम तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना? आत जाणाऱ्याच्या अंगावर धातू नको, दोरी नको. काही झालं तर तुमची नोकरी जायची.”

तो काही खोटं बोलत नव्हता. तिनं शेकडो जणांचे पट्टे, करदोडे, मंगळसूत्रं उतरवून घेतली होती. लॉकअपमध्ये एकदा कोणी जीव दिला की गार्डचं आयुष्य बरबाद होतं. तिनं रुपाबाईला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

रुपाबाईला समजलं तेव्हा तिनं दोन्ही हात कानांवर धरले. “नवरा जित्ता हाय माहा, बाई.”

“मले मालूम हाय मावशी. यादी करतो, पाकिटात ठेवतो, जाताना जसंच्या तसं भेटते.”

“तुले मालूम हाय? तरी काढून राह्यली?”

“नियम हाय.”

म्हातारीनं हात खाली सोडले. कपाळाला हात लावला नाही, रडली नाही. ते वैजयंतीच्या मनाला लागलं, पण हात थांबले नाहीत. घुगरी केसांत विणलेली असते, सहज निघत नाही. वेण्यांच्या गाठी सोडायला वीस मिनिटं गेली. त्या कशा सोडायच्या हे वैजयंतीला माहीत होतं, किन्हीराजाच्या तांड्यात तिनं पाहिलं होतं. चुडा साबण लावून काढावा लागला. खाली दंडाची कातडी पांढरीफटक, चाळीस वर्षांत ऊन न लागलेली. कांचळीतला फोन निघाला. सगळं यादीत उतरलं, पाकिटात गेलं. संघपाल दारात आला आणि रेकॉर्डला पाहिजे म्हणून रुपाबाईचा फोटो काढून गेला. वैजयंतीनं कुलूप लावलं.

पाणी प्यायला ती मागच्या व्हरांड्यात गेली. शेळकेच्या खोलीची खिडकी तिकडेच उघडते.

“फोटो रवीच्या कारंज्याच्या मामेभावाला टाक,” शेळके संघपालला सांगत होता. “रवी तिथंच दडलाय, फक्त कुठल्या घरात ते कळत नाही. खाली काही लिहू नकोस, लिहिलं की पुरावा होतो. नुसता आईचा फोटो. बाप मेला समजून पोरगा तांड्यात धावत येईल. तू साध्या कपड्यात तिथं जाऊन बस.”

“सर, म्हातारा तं जिवंत हाय,” संघपाल म्हणाला.

“मी कुठं म्हटलं मेला? मी काही म्हटलंच नाही. दागिने नियमानं काढलेत. विचार तुझ्या गार्डबाईला.”

वैजयंतीनं हातातला ग्लास तिथंच ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. एका जित्या माणसाला यांनी फोटोत मारलं होतं. पोरगा बापाच्या मयताला म्हणून येणार आणि बेड्यात जाणार. आणि ही अक्कल या नगरच्या पोराला कुठून आली? चहाच्या एका कपावर तिनंच दिली होती. नियमही तिचाच, गाठी सोडणारे हातही तिचेच. शेळकेनं स्वतः बोटही लावलं नव्हतं. ती सकाळपासून नोंद, नोंद करत नाचत होती आणि त्यानं त्याच नोंदीच्या दोरीनं तिला बैलासारखं फिरवलं होतं.

ती सरळ त्याच्या खोलीत शिरली. “फोटो मांगं घ्या सायेब.”

“गेला तो. निळ्या खुणासुद्धा आल्या.”

“तुमच्या घरी बाप हाय ना?”

“बाई, आवाज खाली. गुन्हेगार पकडतोय मी. तुमच्यासारख्या चाव्या वाजवत बसलो असतो तर जिल्हा चोरांच्या हातात गेला असता.” आणि मग अगदी गोड आवाजात, “तुमचा नियम होता ना?”

ती परत येऊन खुर्चीत बसली. गजांआड रुपाबाई भिंतीला टेकली होती, ओढणी कपाळापर्यंत ओढून, केस कोणाला दिसू नयेत म्हणून. झालं ते तिला कसं सांगायचं?

तीन वाजायच्या आत पाकिटातला फोन वाजला.

नियम सांगतो, आतल्या माणसाचा फोन गार्डनं उचलायचा नाही. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. रुपाबाई उठून गजांशी आली. “रवीच असन,” म्हणाली. “मले तोच करते फोन.”

फरारी आरोपीशी लॉकअपमधून बोलणं झालं तर गार्ड निलंबित होतो, पुढे चौकशी, पेन्शनला कात्री. हे सगळं वैजयंतीला तोंडपाठ होतं. तिनं पाकीट फाडलं आणि फोन उचलला.

पलीकडे माणूस आईला हाक मारत हुंदके देत होता. “याडी, बा कवा गेला?”

“तुही याडी नाई बोलून राह्यली. मी ठाण्यातली पोलीस बाई. नीट आयक. तुहा बाप जित्ता हाय.”

“जित्ता?” पलीकडून आलं.

“आयकू आलं का? किसनसिंग जित्ता हाय. घरी उपाशी बसला हाय, पन जित्ता हाय.”

“मंग माही याडी अशी काहून दिसते?” रवी म्हणाला. “मी टक्कल केलं बाई. तांड्यात गेलो असतो तं पोलिसांनं मयतातून उचललं असतं. म्हनलं, बापाच्या नावानं इतकं तरी करू. आत्ता न्हाव्याच्या खुर्चीतून उठलो. काहून दिसते याडी अशी?”

“मी काढली घुगरी,” वैजयंती म्हणाली. “मी, वैजयंती, लॉकअप गार्ड. तुले फसवाले फोटो धाडला. तू ये का नोको येऊ, तुहं तू पाय. पन बाप मेला म्हून येऊ नोको.”

मग तिनं फोन गजांतून रुपाबाईच्या हातात दिला. म्हातारी आपल्या बोलीत बोलली, हळू, चारच वाक्यं. वैजयंतीला सगळं समजलं. रुपाबाईनं पोराला लपून राहा म्हटलं नाही. ती म्हणाली, मला यांनी जित्या नवऱ्याची रांड करून बसवलंय. तू बापाला घेऊन ये आणि साऱ्या ठाण्याला दाखव.

शेळके दारात उभा होता. केव्हापासून, देव जाणे. चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. “आरोपीला फितवलंत तुम्ही. आजच्या आज निलंबित करवतो की नाही बघा.”

“करा,” वैजयंती म्हणाली आणि रजिस्टर उघडलं. त्याच्यासमोरच वेळ घातली आणि लिहिलं. फौजदार शेळके यांच्या तोंडी आदेशावरून दागिने उतरवले. नवरा हयात असल्याचे माहीत असताना उतरवले. फोटो मुलाच्या मामेभावास पाठवला. मुलाचा फोन आला, मी उचलला, बाप जिवंत असल्याचे सांगितले.

“ते पान फाडा.”

“पानावर नंबर छापेल हाय. फाडलं तं तेबी कोनीतरी मोजन.”

“तुम्हाला कळतंय का, यात तुम्ही स्वतःला पण अडकवताय?”

“कळून राह्यलं,” ती म्हणाली. “तुमी आपलं बाहेर बसा सायेब. इथं आवाज नोको.”

साडेचारला ते आले. मामेभावाच्या मोटरसायकलवर रवी, डोकं तुळतुळीत, वस्तऱ्याचे दोन ताजे काप पडलेले. मागून दुसऱ्या गाडीवर किसनसिंग, आणि ती गाडी चालवत होता संघपाल. तो तांड्यात साध्या कपड्यात बसला होता, रवी समोरून आला होता, आणि संघपाल उठला नव्हता. उलट म्हाताऱ्याला आपल्या गाडीवर बसवून त्यानं आणलं. खाली उतरून तो भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि कोणाकडे बघेना.

किसनसिंग पोराच्या खांद्याला धरून पायरी चढला. आत उजेडात आल्यावर त्याला पोराचं डोकं नीट दिसलं. त्यानं त्याच्यावर तळवा ठेवला, फिरवला. “कोनासाठी केलं रे?” त्यानं विचारलं. रवीनं बापाच्या छातीवर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडायला लागला. ठाण्यात बारा माणसं होती, सगळ्यांना एकदम काही ना काही काम आठवलं.

“आला ना?” शेळके म्हणाला. “मग झालं की. अटक दाखवा. म्हातारीला सोडून द्या.”

रवीला पुरुष लॉकअपमध्ये घेतलं. आठ दिवसांपूर्वीची मारहाण त्यानं एका शब्दानंही नाकारली नाही. वैजयंतीनं त्याची झडती घेववली, वेळ लिहिली, डोक्यावरच्या दोन कापांची नोंद केली आणि कारणही लिहिलं. उद्या कोर्टात हेच पान त्याच्यासोबत जाणार होतं. मग तिनं रुपाबाईचं कुलूप काढलं, पाकीट आणलं आणि घुगरी बाहेर काढून तिच्या केसांकडे हात नेला.

“हात नोको लावू,” रुपाबाई म्हणाली.

किसनसिंग पुढे झाला. त्यानं टोपली हातात घेतली, बायकोच्या कानाशी धरली, फिरवून पाहिली. आयुष्यात पुरुष कधी हे करत नाही, त्याला कसं येणार. बोटं केसांत अडकत होती, घुंगरं नुसतीच वाजत होती. वैजयंतीला एकेक गाठ माहीत होती आणि तिला हात मागे बांधून उभं राहावं लागलं. तिला वाटलं, कोणीतरी आपल्या थोबाडीत मारावी, म्हणजे सुटू. शेवटी रुपाबाईनं नवऱ्याच्या हातातून सगळं काढून घेतलं आणि ओढणीच्या पदरात बांधलं.

“एकडाव उतरली ना बाई,” ती म्हणाली. “आता परत घालाची का नाई, थे तांड्यातल्या बाया ठरवतीन. असं कोनाचं झालं नाई आजलोक.”

वैजयंतीनं रजिस्टर पुढे केलं आणि शाईची डबी उघडली. वस्तू परत दिल्या की अंगठा घ्यायचा, तोही नियमच. रुपाबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि थांबली. “काय लिवलं हाय, वाच.”

ओळ छापील होती. वैजयंतीनं ती हजार वेळा लोकांपुढे सरकवली होती, वाचून कोणाला दाखवली नव्हती. “वरील सर्व वस्तू मला परत मिळाल्या,” तिनं वाचलं. “माझी काही तक्रार नाही.”

रुपाबाईनं हात मागे घेतला. “तक्रार हाय.”

“अहो, अंगठा घ्या आणि मोकळं करा त्यांना,” शेळके खुर्चीतून म्हणाला. “अंधार पडायच्या आत घरी जाऊ देत.”

वैजयंतीनं पेन उचललं. छापील ‘नाही’वर आडवी रेघ मारली, वर ‘आहे’ लिहिलं, बाजूला छोटी सही केली. रुपाबाईनं अंगठा दाबला, जोर देऊन, शाई कडेनं पसरेपर्यंत.

“आता सांग मावशी,” वैजयंती म्हणाली. “तक्रार लिवतो. पयलं नाव कोनाचं?”

शेळके उठून टेबलाजवळ आला. रुपाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पायापासून टोपीपर्यंत. मग नजर वळवून वैजयंतीकडे पाहिलं.

“तुहं,” ती म्हणाली. “त्याले तं तू सांगतलं तवा मालूम झालं. तुले मालूम होतं.”

वैजयंतीनं आपलं नाव लिहिलं, पूर्ण, बक्कल नंबरासकट. मग पेन कागदावर तसंच ठेवून विचारलं, “आता दुसरं सांग.”